कुरुंदकर

मराठवाड्यातील एक ग्रामवाचक आडनाव. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा या गावावरून ते आले. मराठी वाचकांत मात्र ते नांदेडचे विचारवंत नरहर अंबादास कुरुंदकर (१५ जुलै १९३२–१० फेब्रुवारी १९८२) यांच्याशी असे जोडले गेले आहे, की पहिले नाव सांगावे लागत नाही.

गावावरून विचारवंत ओळखण्याची ही रीत ग्रीकांतही होती. ॲरिस्टॉटलचा जन्म इ.स.पू. ३८४ मध्ये स्टॅगिरा नगरात झाला. आयुष्याचा मोठा भाग अथेन्समध्ये शिकण्या-शिकवण्यात गेला, तरी तेथील नागरिकत्व त्याला नव्हते. पुढे ‘स्टॅगिराइट’, म्हणजे स्टॅगिरेकर, एवढे म्हटले तरी तोच समजला जाऊ लागला. झीनो नावाचे दोन नामांकित तत्त्वज्ञ झाले, म्हणून एक एलिआचा आणि दुसरा सिटिअमचा. लातूरकडे घरोघर पाटील. तेव्हा राजकारणातील शिवराज पाटलांना चाकूरकर आणि शिवाजीराव पाटलांना निलंगेकर म्हणावे लागले, तेही याच सोयीसाठी.

फरक एवढाच, की ग्रीक उपाधी त्या माणसापुरती असे; मराठी ‘-कर’ वंशाबरोबर चालतो, गाव सुटले तरी सुटत नाही. नरहर कुरुंदकर जन्मले ते कुरुंद्यात नव्हे, नांदापूर येथे. त्यांना घडवणारे मामा ना. गो. नांदापूरकर हे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. त्यांचेही आडनाव गावाचेच. कुरुंदकरांची कर्मभूमी नांदेड. इंटरच्या परीक्षेत ते वारंवार नापास झाले. प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि अखेर प्राचार्य, असा त्यांचा प्रवास. नांदेडात ते ‘गुरुजी’च राहिले. ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘मनुस्मृती’ हे ग्रंथ आणि रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून छापलेले दीर्घ पत्र यांनी हे आडनाव मराठवाड्याबाहेर नेले. पुराव्याशिवाय न बोलणे आणि श्रोत्यांना न रुचणारेही त्यांच्या तोंडावर सांगणे, हा त्यांचा विशेष. ‘कुरुंदकरी’ हे विशेषण वापरायचे तर ते याच अर्थाने वापरावे.

औरंगाबाद येथे एका कार्यक्रमात व्यासपीठावरच त्यांना मृत्यूने गाठले. वय पन्नाशीच्या आत होते.