पुनर्रचित प्रतिमा आणि अवयवाची सीमारेषा

किरणोपचाराच्या नियोजनात रोग्याच्या अवयवांच्या सीमारेषा आज पुष्कळ ठिकाणी संगणक आखतो आणि वैद्य त्या तपासतो. ह्या स्वयंचलित रेखनाची चर्चा बहुधा रेखन करणाऱ्या यंत्राच्या गुणदोषांभोवतीच फिरते. ज्या प्रतिमेवर ते रेखन होते ती प्रतिमा कशी घडली, हा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः सीटी प्रतिमा हे छायाचित्र नव्हे. शेकडो दिशांनी शरीरातून गेलेले क्ष-किरण किती क्षीण झाले ह्याच्या मोजमापांवरून गणिताने उभी केलेली ती एक रचना होय, आणि त्या गणितात माणसांनी केलेल्या निवडी आहेत.

ह्या इतिहासाचा आरंभ किरणोपचारातच आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. १९५६ च्या पूर्वार्धात केपटाउन विद्यापीठातील भौतिकीचे अध्यापक ॲलन कॉर्मॅक ह्यांना ग्रूट शूर रुग्णालयात आठवड्यातून दीड दिवस काम करावे लागले, कारण किरणोत्सारी समस्थानिकांच्या वापरावर भौतिकीतज्ज्ञाची देखरेख कायद्याने आवश्यक होती. तेथे किरणमात्रेचे आराखडे करताना सारे शरीर एकजिनसी मानले जाते हे त्यांनी पाहिले. हाड, स्नायू आणि फुफ्फुस ह्यांतून जाणारा किरण सारखाच क्षीण होत नाही. तेव्हा आतील क्षीणनाचा नकाशा बाहेरून मोजून काढता येईल काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला. त्यांचे निबंध १९६३ व १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु त्यांची दखल जवळजवळ कोणी घेतली नाही. स्वित्झर्लंडमधील हिमप्रपातांचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्राने मात्र प्रत मागविली होती! योहान रादोन ह्यांनी ह्याच प्रश्नाचे गणिती उत्तर १९१७ मध्येच दिले होते, हेही कॉर्मॅकना पुष्कळ वर्षांनी कळले.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्यांच्या यंत्राने लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रोग्याची प्रतिमा १ ऑक्टोबर १९७१ रोजी घेतली. ती ८० × ८० चौकटींची होती आणि तिच्यासाठी २८,८०० वाचने घेतली जात. पाणी शून्य आणि हवा उणे १००० ही आज रूढ असलेली मोजपट्टी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. छेदाची जाडी सुमारे १३ मिलिमीटर असल्याने एका चौकटीत दोन ऊतींची सरासरी सहज मिसळून जाई. १९७९ चे नोबेल पारितोषिक कॉर्मॅक व हाउन्सफील्ड ह्यांना विभागून मिळाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची घटना मात्र निराळी आहे. हाउन्सफील्ड ह्यांची आरंभीची रीत पुनःपुन्हा दुरुस्ती करीत उत्तराजवळ जाण्याची, म्हणून संथ होती. दुसरी रीत अशी : प्रत्येक दिशेचे मोजमाप त्याच दिशेने परत प्रतिमेवर पसरावयाचे. तेवढेच केले तर प्रत्येक बिंदूभोवती धुके राहते. म्हणून पसरण्यापूर्वी मोजमापे एका गणिती गाळणीतून काढावयाची. रेडिओ खगोलशास्त्रासाठी ब्रेसवेल व रिडल ह्यांनी १९६७ मध्ये हा मार्ग दाखविला होता. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन ह्यांनी १९७१ मध्ये तो क्ष-किरण प्रतिमा व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय प्रतिमा ह्यांसाठी स्वतंत्रपणे मांडला. त्यांच्या गाळणीस आजही ‘रॅम-लॅक’ म्हणतात. ही गाळणी कडा अत्यंत स्पष्ट करते, परंतु त्याच प्रमाणात मोजमापांतील यदृच्छ चढउतारही वाढविते. १९७४ मध्ये शेप व लोगन ह्यांनी सूक्ष्म तपशिलाला थोडा आवर घालणारी गाळणी सुचविली. येथून पुढे गाळणीची निवड हा तज्ज्ञाच्या हातातील विषय झाला : हाडांसाठी तीक्ष्ण, मृदू ऊतींसाठी सौम्य. ही वाटणी मानवी डोळ्याच्या सोयीसाठी झाली. प्रतिमा वाचणारा कोणी दुसराही असेल, हे त्या वेळी कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते.

ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकाला हा पेच परिचित आहे. १९४६ मध्ये वर्णिलेल्या ध्वनिवर्णलेखकात ३०० हर्ट्झची रुंद गाळणी लावली तर व्यंजन कोठे संपले आणि स्वर कोठे सुरू झाला हे ठळक दिसते; ४५ हर्ट्झची अरुंद गाळणी लावली तर स्वरातील संनादी रेषा सुट्या होतात, पण तीच सीमा कालदृष्ट्या पसरते. उच्चार एकच असतो. सीमा उच्चारात किती आणि गाळणीत किती, हे ठरविल्याखेरीज मोजमापाला अर्थ येत नाही.

अवयवरेखनातही तेच घडते. २०१५ मध्ये फ्रायबुर्ग येथे रचलेल्या ‘यू-नेट’ नामक जालापासून रेखनाची नवी पिढी सुरू झाली. असे जाल उदाहरणांवरून शिकते आणि उदाहरणांचा पोतही त्याच्या अंगी मुरतो. सौम्य गाळणीच्या प्रतिमांवर शिकलेल्या जालापुढे तीक्ष्ण गाळणीची प्रतिमा आली, तर फुफ्फुसासारख्या ठळक अवयवाचे फारसे बिघडत नाही. परंतु कर्णमूलग्रंथी किंवा स्वादुपिंड ह्यांसारख्या, शेजारच्या ऊतीशी जेमतेम फरक असलेल्या अवयवांची रेषा ढळण्याचा धोका असतो. गुणांकनाचे प्रचलित माप हा ढळ सारख्याच न्यायाने दाखवीत नाही. हे माप ली डाइस ह्यांनी १९४५ मध्ये वनस्पती-प्राण्यांच्या जाती कितपत एकत्र आढळतात हे मोजण्यासाठी सुचविले होते. त्रिज्या ७० मिलिमीटर असलेल्या गोलाची रेषा सर्व बाजूंनी १ मिलिमीटर आत आली तर गुणांक सुमारे ०.९८ येतो, त्रिज्या ५ मिलिमीटर असेल तर तोच दोष ०.६८ पर्यंत नेतो. म्हणून केवळ सरासरी गुणांक सांगणारे अहवाल मला अपुरे वाटतात. मज्जारज्जूजवळ किरणमात्रा दर मिलिमीटरला काही टक्क्यांनी उतरत असते, आणि तेथे रेषा कोणत्या बाजूला ढळली हे गुणांक सांगत नाही.

२००९ च्या सुमारास पुनरावर्ती रीत वेगवान संगणकांच्या बळावर परतली. तिने खळबळ कमी केली, तथापि प्रतिमेस काहीसा मेणचट पोत आला. २०१९ पासून स्वयंशिक्षित जालांनी केलेली पुनर्रचनाही रुग्णालयांत आली आहे. म्हणजे एका जालाने रचलेली प्रतिमा दुसरे जाल वाचते. पहिल्याने एखादी अंधुक कड आपल्या अनुभवावरून भरून काढली असेल, तर दुसरे तिला प्रत्यक्ष कड समजते.

अशा परिस्थितीत प्रतिमेसोबत गाळणीचे नाव नोंदलेले असते हा दिलासा खरा, पण अर्धाच. एका उत्पादकाच्या यंत्रावर ते नाव ‘बी ३०’ असते, दुसऱ्याच्या यंत्रावर ‘स्टँडर्ड’; ह्या नावांचा कोणताही सामायिक कोश नाही आणि दोन नावे समानार्थी आहेत की नाहीत हे नावावरून कळत नाही. शिवाय मूळ मोजमापे जागेअभावी यंत्रावरून बहुधा काही दिवसांत पुसली जातात. उपचार अनेक आठवडे चालतात. त्या काळात एखाद्या रेषेविषयी शंका आली, तर तीच मोजमापे दुसऱ्या गाळणीतून काढून पाहण्याची सोय उरलेली नसते.