कागद कुणाच्या पेटीत? १८७५ चा दंगा आणि कर्जदाराचा हक्क

जामखेडला इतिहासावर बोलायचं म्हटलं की लोकांची अपेक्षा दोनच विषयांची असते. एक चौंडी, म्हणजे अहिल्याबाईंचं जन्मगाव, आणि दुसरी खर्ड्याची १७९५ ची लढाई. दोन्ही आपल्या तालुक्यातल्या, दोन्हींचा अभिमान आहेच. पण आज मी तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलणार आहे. तिच्यात राणी नाही, फौज नाही. तिच्यात आहे एक कागद, त्यावर केलेली शेतकऱ्याची निशाणी, आणि तो कागद ठेवलेली सावकाराची पेटी.

खर्ड्यापासूनच सुरुवात करू. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरमध्ये खर्ड्याची नोंद आहे. १९०१ च्या खानेसुमारीत गावाची वस्ती ५,९३० आणि गावात व्यापारी, दुकानदार, सावकार मिळून पाचशेच्या वर! मंगळवारचा जनावरांचा बाजार जिल्ह्यात सगळ्यात मोठा. म्हणजे आपला भाग दुष्काळी असला तरी उसनवारी, उधारी, गहाणवट इथं भरपूर चालायची. किंबहुना दुष्काळी होता म्हणूनच चालायची. पाऊस नाही पडला तर बी-भरणाला, सारा भरायला, लेकीच्या लग्नाला पैसा आणायचा कुठून?

आता १८७५ साली या. तेव्हा नगर जिल्हा, आता आपण अहिल्यानगर म्हणतो. आधी अमेरिकेत यादवी युद्ध झालं, १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारानं हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव पडले, आणि त्याच सुमाराला सरकारनं साऱ्याची फेरआकारणी करून वाढ केली. सावकारानं मूठ आवळली. हे कारण शाळेच्या पुस्तकातही असतं, म्हणून त्यावर फार थांबत नाही.

जे पुस्तकात कमी असतं ते सांगतो. १८५९ मध्ये सरकारनं मुदतीचा कायदा केला. नोंदणी नसलेल्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नाहीतर दावा बाद. हेतू चांगला होता, जुन्या कर्जाचं भूत शेतकऱ्याच्या मानगुटीवर बसू नये. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणायचा, "दावा लावू की नवा रोखा लिहून देतोस?" शेतकरी नवा रोखा लिहून द्यायचा. नव्या रोख्यात मुद्दल कोणतं? जुनं मुद्दल अधिक तीन वर्षांचं व्याज.

हिशोब करून बघा, उदाहरणादाखल. शंभर रुपये, दरमहा दर शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनी रोखा झाला १७२ चा. सहा वर्षांनी २९५ रुपये ८४ पैशांचा. नऊ वर्षांनी जवळजवळ ५०९. नुसतं सरळ व्याज धरलं असतं तर नऊ वर्षांनी ३१६ झाले असते. आणि आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही, तो लावला असता तर २०० वर गाडी थांबली असती. दोनशे आणि पाचशे नऊ यांतला फरक कष्टानं पडलेला नाही, की शेतकऱ्याच्या उधळपट्टीनं. तो पडला कागद बदलल्यामुळे.

आणि त्या कागदावर सही कशाची? जुने दस्त पाहिलेत का कधी? शेतकऱ्याची निशाणी म्हणजे नांगराचं चित्र. बाईची निशाणी बांगडी. वाचता येत नाही, वर काय लिहिलंय ते कळत नाही, खाली नांगर काढायचा. मधल्या काळात दोन पायली ज्वारी दिली, पाच रुपये दिले, ते कुठं लिहिलं? सावकाराच्या वहीत. शेतकऱ्याकडे काय? काही नाही. पावती नाही, रोख्याची नक्कल नाही. मग कोर्टात समन्स निघायचं, शेतकरी हजर नसायचा, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावी १८७४ च्या अखेरीस असंच झालं. दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यापायी गावच्या देशमुखाचं घर सावकाराकडे गेलं आणि तो ते पाडून सामान काढायला लागला. गावानं सावकारावर बहिष्कार घातला. मग १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला. पुणे जिल्ह्यातलं हे सुपे, आपल्या पारनेरचं सुपा नव्हे. हा घोळ नेहमी होतो. तिथून लोण आपल्या जिल्ह्यात आलं. पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत. कर्जत म्हणजे आपला शेजार, शिवेला शीव.

या दंग्यात खून-मारामारी तुलनेनं फार कमी झाली. लोक सावकाराच्या दारात जायचे आणि रोखे, वह्या, हुकूमनामे मागायचे. त्यानं मुकाट्यानं दिले तर बहुतेक ठिकाणी कागदांची होळी व्हायची आणि लोक परत जायचे. नाही दिले तर घराला आग. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. मला विचाराल तर, पैसे लुटायला आलेला जमाव कागद मागत नाही. या लोकांना नेमकं ठाऊक होतं की आपल्याला बांधलंय ते कशानं. मात्र तो कागद जाळण्यापलीकडे त्यांना दुसरा मार्ग ठाऊक नव्हता. तसा मार्ग तेव्हा फारसा नव्हताही.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर असे चार जिल्हे, म्हणजे जामखेडही त्यात आलं. रोखा गावच्या निबंधकासमोर लिहायचा. कोर्टानं नुसता शेवटचा रोखा बघून निकाल द्यायचा नाही, व्यवहार पहिल्यापासून उकरून बघायचा. व्याज मुद्दलात मिसळायचं नाही. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकायचं नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती शेवटाकडची चार कलमं, ६४ ते ६७: पैसे भरले की लेखी पावती, वर्षाला हिशोबाचा उतारा, मागितलं तर पासबुक, आणि हे न देणाऱ्या सावकाराला दंड. आज बँकेत आपण पासबुक भरून घेतो ना, त्याचा हक्क आपल्या भागातल्या कर्जदाराला कायद्यानं १८७९ साली मिळालेला आहे.

मग सगळं सुरळीत झालं का? नाही. पावतीची कलमं फारशी वापरातच आली नाहीत. पावती मागायची म्हणजे सावकाराला दुखवायचं, आणि पुढच्या पेरणीला परत त्याच्याच दारात जायचंय. दुसरं म्हणजे सावकारानं वाट बदलली. गहाणखत लिहिलं तर कोर्ट हिशोब उकरतं ना? मग गहाणखत नको, खरेदीखतच कर. "पैसे फेडलेस की रान परत लिहून देतो," हे फक्त तोंडी. अखेर १९०७ मध्ये कायद्यात नवं कलम घालावं लागलं, की कागदावर विक्री असली तरी खरा व्यवहार गहाणाचा होता हे शेतकऱ्याला तोंडी पुराव्यानंही दाखवता येईल. अठ्ठावीस वर्षं गेली मध्ये.

आता तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. आपल्या तालुक्यातली किती माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात? मुकादमाकडून उचल घेतली जाते. जोडप्याला मिळून एक कोयता म्हणायचं आणि कोयत्यावर उचल ठरवायची. किती घेतली, किती फिटली, हे कुणाच्या वहीत? मी अनेकांना विचारलंय. उत्तर एकच, "मुकादमाला माहीत."

घरचीच गोष्ट सांगतो. वडील वारले, वारसनोंद झाली. विहिरीसाठी कर्ज काढायला गेलो तर सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा. एका संस्थेचं कर्ज. नाव सांगत नाही. वडिलांनी ते सोळा वर्षांपूर्वीच फेडलं होतं, हे आम्हाला घरात सगळ्यांना माहीत. पण बेबाकी दाखला घेतलाच नव्हता, बोजा कमी करायचा अर्ज दिलाच नव्हता. संस्थेतला माणूस म्हणाला, जुनं रेकॉर्ड सापडत नाही. आईच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली, पिशवीत बांधलेल्या पावत्या निघाल्या म्हणून सुटलो. तरी आठ महिने गेले, आणि तो उन्हाळा विहिरीविना गेला.

म्हणून आजचा कायदा थोडक्यात सांगतो. महाराष्ट्राचा सावकारीचा कायदा २०१४ चा आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा. परवानाधारकानंही पावती द्यायची, हिशोब द्यायचा, कोऱ्या कागदावर सही घ्यायची नाही, चक्रवाढ लावायची नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज घ्यायचं नाही. आपली जुनी दामदुपट इथंही आहे बघा. बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल तर चौकशी करून ती परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक काढू शकतात, खरेदीखत झालेलं असलं तरी. म्हणजे १९०७ चाच धडा.

बँक आणि फायनान्स कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत घराजमिनीची मूळ कागदपत्रं परत द्यायची, त्यांच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाआधी मुख्य माहितीचं पत्रक द्यायचं, त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, ते लिहायचं. हा दर बघाच. एक लाख रुपये, बारा हप्ते, "फक्त बारा टक्के फ्लॅट" असं कुणी म्हणालं तर खरा दर साडेएकवीसच्या आसपास जातो. कारण तुम्ही मुद्दल दर महिन्याला फेडताय आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर देताय. आणि गावातला "दोन टक्के" म्हणजे महिन्याला दोन. वर्षाचे चोवीस.

जबाबदारीही सांगायला हवी. जामीन राहणं म्हणजे "नुसती सही कर" नव्हे. १८७२ च्या करार कायद्यानं, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची देणेदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराकडे जा मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. पाहुण्याच्या ट्रॅक्टरला सही करताना हप्ता आपल्याला झेपेल का, एवढं बघा.

शेवटी प्रश्न घेतले तेव्हा मागच्या रांगेतल्या एका ताईंनी विचारलं, "सर, पावती मागितली तर पुढच्या वेळी उचल देणार नाही. मग काय करायचं?"

ताई, हाच प्रश्न १८७९ नंतर सुप्याला, कर्जतला, इथं, सगळ्यांपुढे होता, आणि माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही. एक करता येईल. पैसे रोख देऊ नका, घेऊ नका. फोनवरून किंवा बँकेतून द्या, म्हणजे नोंद तिसऱ्याच्या वहीत होते, मागावी लागत नाही. रोखच द्यावे लागले तर एकट्यानं जाऊ नका, आणि त्याच दिवशी तारीख, रक्कम, सोबत कोण होतं ते घरच्या वहीत लिहा. कोर्टात नुसत्या घरच्या वहीवर भागत नाही, साक्षीदार लागतो. बेकायदा सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करायची. सहकारी संस्थांचं कामही त्यांच्याकडेच असतं. जाताना जे असेल ते न्या: चेकचा नंबर, बँकेचा उतारा, मोबाइलवरचा मेसेज, खरेदीखताची नक्कल. आणि मूळ कागद तिथं देऊ नका. झेरॉक्स द्या आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.