तलावपाळीची कुळकथा : ठाण्याच्या मासुंदा तलावाचा काठ

पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि पूर्वेला खाडी यांच्यामधील उतरत्या भूमीवर जुने ठाणे वसले, आणि या भूरचनेतच शहरातील तलावांचे मूळ आहे. कोकणात पावसाचे चार महिने पाणी विपुल असते. परंतु ते उतारावरून वेगाने खाडीला मिळते आणि खाडीचे पाणी खारे असल्याने पिण्यास वा शेतीस निरुपयोगी ठरते. म्हणून सखल जागी मातीदगडांचा बांध घालून पावसाचे गोडे पाणी अडवणे ही येथील वस्तीची पहिली गरज होती. अशा बांधाला, म्हणजेच तलावाच्या उंचावलेल्या काठाला, मराठीत ‘पाळ’ म्हणतात. मासुंदा तलावाच्या काठाने वाढलेला भाग त्यावरूनच ‘तलावपाळी’ या नावाने ओळखला जातो. तलाव पाण्यासाठी राखला गेला असला, तरी पाण्याची ती गरज सरल्यानंतर त्याला तारले ते या पाळीने, हे तिच्या इतिहासावरून दिसून येते.

ठाण्यातील तलावांची परंपरा उत्तर कोकणच्या शिलाहार राजांशी जोडली जाते. नवव्या ते तेराव्या शतकापर्यंत सत्तेवर असलेल्या या घराण्याच्या काळात ठाणे ‘श्रीस्थानक’ म्हणून प्रसिद्ध होते. इ.स. 1787 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके 939 चा, म्हणजे इ.स. 1017 चा ताम्रपट सापडला आणि त्यातील श्रीस्थानकाच्या उल्लेखाने या नगराचे प्राचीनत्व निर्विवाद झाले. शिलाहारांनी येथे साठ तलाव आणि तितकीच मंदिरे बांधली, अशी परंपरागत समजूत आहे. तो आकडा शब्दशः घ्यावयाचा नसला, तरी तलाव आणि देवालय यांची जोडी येथील वस्तीच्या मुळाशी होती, ही त्या समजुतीतील खूण महत्त्वाची आहे. कारण जेथे देवालय उभे राहते तेथे पाण्याला पावित्र्य लाभते, आणि पवित्र मानलेल्या पाण्याची निगा राखण्याचा भार साऱ्या गावावर येतो.

मासुंदा तलावाच्या पूर्वेकडील कौपिनेश्वर मंदिर हे या जोडीचे ठळक उदाहरण होय. सोळाव्या शतकात ठाणे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले आणि सुमारे दोन शतके त्यांच्या अमलाखाली राहिले. त्या काळात फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथाच्या, धर्मगुरूंनी याच परिसरात आपले ठाणे वसवले. तलावाजवळील संत जॉन बाप्टिस्ट चर्च ही त्या परंपरेची आजची साक्ष आहे. इ.स. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले. पुढे 1760 च्या सुमारास सरसुभेदार, म्हणजे प्रांताचा मुख्य मुलकी अधिकारी, असलेल्या रामाजी महादेव बिवलकर यांनी कौपिनेश्वराचे देवालय नव्याने उभारले. 1774 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, आणि 1825 मध्ये त्यांचे सेंट जेम्स चर्चही या भागापासून जवळच उभे राहिले. सत्ता बदलली, उपासनेच्या रीती बदलल्या. तरी प्रत्येक नव्या सत्तेने आपली वास्तू उभारताना याच परिसराकडे धाव घेतली. त्यामुळे ही वस्ती एका जातीची वा एका धर्माची आळी न बनता अनेकांच्या वहिवाटीची जागा झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वस्तीचे रूप मुळातून पालटले. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी 34 किलोमीटरांची पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि तलावापासून जवळच असलेल्या स्थानकामुळे जांभळी नाक्याच्या बाजारपेठेला मोठी चालना मिळाली. 1863 मध्ये नगरपालिका आली आणि पुढे पोखरण तलावाचे पाणी नळाने शहरात खेळू लागले. घागर घेऊन पाळीवर येण्याचे कारण त्यामुळे उरले नाही. येथून पुढे शहरातील अनेक तलाव आक्रसले वा बुजले आणि आज त्यांतील पस्तीसच्या आसपासच शिल्लक आहेत. मासुंदा मात्र शहराच्या गजबजलेल्या मध्यभागी असूनही टिकला, कारण तोवर पाळ ही पाणी भरण्याच्या जागेवरून लोकांनी एकत्र येण्याची जागा झाली होती.

या नव्या भूमिकेला संस्थांनी बळ दिले. वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने 1893 मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले आणि शहराला वाचनसंस्कृतीचे केंद्र लाभले. 1978 मध्ये तलावाच्या अगदी काठावर राम गणेश गडकरी यांच्या नावाचे रंगायतन उभे राहिले आणि नाटकापूर्वी व नाटकानंतर पाळीवर रेंगाळणे हा ठाणेकर रसिकांच्या जीवनाचाच भाग झाला. कौपिनेश्वरापासून निघणारी गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आणि दिवाळी पहाटेला येथे लोटणारी तरुणाई हे त्याच वहिवाटीचे अलीकडचे आविष्कार आहेत.

तथापि या यशाने तलावावर नवा भारही टाकला आहे. चहूबाजूंनी रस्ते झाल्याने पावसाचे पाणी नैसर्गिक उताराने तलावात येण्याच्या वाटा अडतात, आणि बंदिस्त पाण्यात निर्माल्य व मूर्तींचे रंग मिसळले की प्राणवायू घटून मासे दगावतात. विसर्जनासाठी कृत्रिम तलावांची सोय करावी लागली ती यामुळेच. पाळीवरील दिवे, कठडे आणि पदपथ यांनी काठाची शोभा वाढते, पाण्याचे आयुष्य नव्हे. पाण्याच्या गरजेतून पाळ जन्मली आणि गरज सरल्यावर पाळीने पाणी राखले. म्हणून पाळीचा लाभ घेणाऱ्या शहराने तलावात येणारे पाणी आणि त्याची स्वच्छता यांना काठाच्या सुशोभनाआधी स्थान देणे, हेच या परंपरेशी सुसंगत ठरेल.