मेंदूचा एमआरआय : बधिरता आणि मुंग्यांच्या तपासात

हातपाय किंवा चेहरा बधिर होणे, मुंग्या येणे या तक्रारींचे कारण नुसत्या तपासणीने कळले नाही, की डॉक्टर बहुधा मेंदूचा एमआरआय सांगतात. केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीने १९७८ मध्ये वसवलेल्या बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत अशी तपासणी करून घेणे अवघड नाही. होसूर रोडवर पलीकडे बोम्मसंद्रला नारायणा हेल्थ सिटी आहे आणि शहराकडे त्याच रोडवर निम्हान्स ही मेंदू व मनोविकारांची संस्था. १९७४ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र करून उभी राहिलेली ही संस्था २०१२ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरली. घोटाळा होतो तो अहवाल वाचताना, विशेषतः तो न्यूरॉलॉजिस्टच्या आधी रुग्णाच्या मोबाइलवर येऊन पडला तर.

बधिरता कुठे आहे यावरून दोष कुठे असेल याचा अंदाज येतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू रात्री बधिर होत असेल, तर मनगटात मीडियन नस दबलेली असण्याची शक्यता मोठी (कार्पल टनेल). करंगळीकडची बाजू असेल तर कोपरातली अल्नर नस तपासावी. दोन्ही तळपायांपासून मुंग्या हळूहळू वर चढत असतील, तर आधी मधुमेह आणि ब-१२ जीवनसत्त्व पाहतात. शाकाहारी घरांत ब-१२ ची कमतरता मुळीच दुर्मीळ नाही. त्वचेवर फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोग विसरू नये. या सगळ्यांत मेंदूचा एमआरआय बहुधा निर्दोष येतो, आणि तो तसा आला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. उत्तर रक्ततपासणीत, नसांच्या नर्व्ह कंडक्शन चाचणीत किंवा मानेच्या एमआरआयमध्ये असते. मान वाकवताच पाठीतून वीज उतरल्यासारखे वाटत असेल, तर मानेतला मज्जारज्जू पाहिल्याशिवाय तपास पुरा झाला असे म्हणता येत नाही.

शरीराची एक बाजूच बधिर होत असेल, तर मेंदूचा विचार खरा सुरू होतो. उजव्या बाजूची संवेदना डाव्या मेंदूत पोचते. थॅलॅमसमधल्या इवल्याशा इजेनेही अख्खी विरुद्ध बाजू बधिर होऊ शकते. कधी फक्त ओठाचा कोपरा आणि त्याच बाजूची बोटे. तक्रार कशी पसरली हेही बोलके असते. पक्षाघातात ती एकाएकी येते, अर्धशिशीच्या पूर्वलक्षणात काही मिनिटांत सरकत जाते, फिटमध्ये काही सेकंदांत.

अहवालातला सर्वांत जास्त घाबरवणारा शब्दप्रयोग म्हणजे श्वेतद्रव्यातले ‘टी-टू फ्लेअर हायपरइंटेन्सिटी’. फ्लेअर पद्धतीत मेंदूभोवतालच्या आणि मेंदूतल्या पोकळ्यांतल्या पाण्याची चमक दाबली जाते, म्हणून पोकळ्यांलगतचे पांढरे ठिपके उठून दिसतात. वाढते वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अर्धशिशी यांतही असे ठिपके येतात आणि बऱ्याचदा त्यांचा मुंग्यांशी संबंध नसतो. अहवालात ‘नॉनस्पेसिफिक’ लिहिलेले असते ते याचसाठी. मल्टिपल स्क्लेरोसिसची शंका ठिपक्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जागेवरून बळावते: पोकळ्यांलगत, बाह्यकाच्या कडेला, मेंदूच्या खोडात किंवा लघुमेंदूत, आणि मज्जारज्जूत. या आजाराच्या निदानासाठी २००१ मध्ये पहिल्यांदा मांडलेल्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४ च्या सुधारणेत या जागांत दृष्टीच्या नसेचीही (ऑप्टिक नर्व्ह) भर पडली. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध टोचल्यावर एखादा ठिपका उजळला, तर तो बहुधा ताजा समजतात.

कडेने कड्यासारखा उजळणारा एकच डाग दिसला की लोक थेट कॅन्सरपर्यंत पोचतात. भारतात अशा वेळी क्षयाची गाठ किंवा फीतकृमीची अळी हीही ठळक कारणे असतात. पुटीच्या आत अळीच्या डोक्याचा ठिपका दिसला, तर निदान जवळपास पक्के होते.

भलतेच काही सापडणेही नवे नाही. रॉटरडॅममध्ये २००० लोकांच्या मेंदूंचे एमआरआय करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७.२ टक्क्यांत लक्षणे नसलेले जुने इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटल्याच्या खुणा) आणि १.८ टक्क्यांत धमनीचे फुगवटे आढळले. ही माणसे मध्यमवयीन आणि त्याहून मोठी होती. आयटीतल्या तिशीच्या रुग्णाला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. अहवालाच्या तळाशी असणारी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ची सूचना पुष्कळ जण पळवाट समजतात. प्रत्यक्षात ती रेडिओलॉजिस्टची प्रामाणिक मर्यादा आहे: रुग्णाची बधिर जागा त्याने तपासलेली नसते.

एका बाजूचा हात, पाय किंवा चेहरा अचानक बधिर झाला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर बाह्यरुग्ण विभागाची वेळ न पाहता थेट आपत्कालीन कक्षात जावे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्राव आहे का हे पाहण्यासाठी तिथे आधी बहुधा सीटी स्कॅनच होतो. एरवी तपासाला जाताना अहवालाच्या कागदासोबत मूळ चित्रांची सीडीही न्यावी, जुना स्कॅन असल्यास त्याचीही. ठिपका नवा की जुना, हे दोन्ही चित्रे शेजारी ठेवल्यावरच ठरते.