बेडकाचे भक्ष्य आणि तंगड्यांचा व्यापार

गारगोटीच्या आसपास, वेदगंगेकाठच्या भातखाचरांत पहिल्या दमदार पावसानंतर पिवळेधमक नर बेडूक उतरतात आणि रात्रभर डरांव-डरांव चालू राहते. भारताच्या अशाच भातखाचरांतून एकेकाळी बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. इतकी मागणी असताना हे बेडूक कोंबड्यांसारखे घरी का वाढवले गेले नाहीत? आजचा थ्रेड त्याविषयी.

उत्तर बेडकाच्या डोळ्यांत आहे. १९५९ मध्ये लेटविन, मॅतुराना, मॅककुलक आणि पिट्स यांनी दाखवून दिले की, बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणारे काही तंतू केवळ लहान, गडद, हलत्या वस्तूलाच प्रतिसाद देतात. मेलेल्या किड्यांचा ढीग पुढ्यात असला, तरी बेडूक उपाशी राहू शकतो.

बऱ्याच जातींचा भैरोबा शेवाळावर, पाल्यावर वाढतो. त्याला पोसणे सोपे. शेपूट गळाली की संकट सुरू होते. आता रोज जिवंत किडे हवेत, आणि ते कमी पडले तर पिल्ले एकमेकांनाच गिळतात. म्हणजे बेडूक पाळणाऱ्याने आधी किडे पाळायला हवेत!

ही विद्या प्रयोगशाळांनी पूर्वीच साधली होती. १९१० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्यांत, कुस्करलेल्या केळ्यावर फळमाश्या वाढत. आजचे हौशी लोक छोट्या बेडकांसाठी तेच करतात. मोठ्या बेडकांसाठी रातकिडे : टबात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, अंडी घालायला ओलसर माती, तीस अंशांच्या आसपास ऊब. उघडे पाणी ठेवले तर पिल्ले बुडून मरतात. रातकिड्यांत कॅल्शियम कमी असल्याने खाऊ घालण्यापूर्वी त्यांवर त्याची भुकटी भुरभुरतात. नाहीतर बेडकाची हाडे ठिसूळ होतात.

हा खटाटोप घरच्या दोन-चार बेडकांपुरता ठीक. निर्यातदाराला टनांनी माल हवा होता, आणि शेतात बेडूक फुकट मिळत होते. त्यांना किडे पुरवण्याचे काम खाचर करीत होते! रात्री दिव्याच्या झोतात त्यांना पकडत. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तंगड्यांची वार्षिक निर्यात ४,००० टनांच्या पुढे गेली. एका बेडकाच्या तंगड्या किती भरणार? बळींची संख्या कोटींत होती.

या व्यापाराविरुद्ध मुंबईतून आवाज उठला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९८५ मध्ये संस्थेच्या जर्नलमध्ये बेडूकनिर्यातीवर प्रदीर्घ लेख लिहिला. बेडूक शेतातील किडे व खेकडे खातो, तोच गेला तर पिकाचे काय, हा त्या वादाचा गाभा होता. त्याच वर्षी आपला हा मोठा बेडूक 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली. (युरोपची भूक मात्र शमली नाही. पुढे इंडोनेशिया प्रमुख पुरवठादार झाला.)

किडे वाढवण्याचा धंदा तिकडे फोफावला आणि एका विषाणूने त्याला गाठले. युरोपात १९७७ मध्ये नोंदला गेलेला हा रोग २०१० च्या सुमारास अमेरिकेतील रातकिड्यांच्या फार्मांवर तुटून पडला. कित्येक बंद पडले. तेव्हा अनेक उत्पादक दुसऱ्या, तुलनेने तग धरणाऱ्या जातीकडे वळले. ती जात म्हणजे आपल्याकडच्या घरांतही, रात्री चुलीमागे किरकिरणारा पट्टेरी रातकिडा.