इतवारीतला समुद्र आणि उलट्या गुडघ्याचा पक्षी

मे महिन्यातला शनिवार, दुपारचे दोन, बाहेर ४५ डिग्री, आणि अस्मादिक इतवारीतल्या घराच्या माडीवर बसून समुद्र रंगवतायत! खाली बाजाराचा कलकलाट, वर कूलरची घरघर. इथून समुद्र म्हणजे समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर, आणि तोही तुम्हाला भिवंडीजवळ आमण्याला सोडतो. लाटा दिसायला पुढे मुंबईचं ट्रॅफिक आहेच.

कारण आजी. तिचं सगळं आयुष्य इतवारीत गेलं, समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला. तिच्या खोलीत लावायला एक किनारा काढून देतो म्हटलं. ओली वाळू, सकाळचं आभाळ, आणि उथळ पाण्यात एक शेकाट्या... तोच तो, काळ्या पंखांचा आणि लांबलचक गुलाबी पायांचा. रेफरन्सला नेटवरचा एक फोटो. झालं, सुरुवात केली.

पहिला धडा नागपूरच्या उन्हानेच दिला. अ‍ॅक्रिलिक म्हणजे रंगाची पूड आणि प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळलेले. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटतात, पापुद्रा तयार होतो, आणि मग तो पाण्याने पुन्हा विरघळत नाही. थंड हवेच्या देशात हे निवांत होत असेल. आमच्याकडे पॅलेटवरचा रंग ब्रशला लागेपर्यंत वाळतो. त्यात ओला असताना बाइंडर दुधाळ असतो आणि वाळला की पारदर्शक, त्यामुळे रंग गडद होतो. जुळवलेली वाळू अर्ध्या तासात चिखल! शेवटी पॅलेटवर ओलं फडकं अंथरलं, तेव्हा कुठे जमलं.

आता हा रंग आला कुठून? इंजिनियरची खोड, चित्र सोडून वाचत बसलो. जर्मनीत ओटो र्‍योम नावाच्या केमिस्टने १९०१ मध्ये अ‍ॅक्रिलिकवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. मग १९०७ मध्ये हास नावाच्या भागीदाराबरोबर कंपनी काढली, तीही कातडी कमावायचं रसायन विकायला! १९३३ मध्ये प्लेक्सिग्लास आलं, ते महायुद्धात विमानांच्या खिडक्यांना लागलं. १९५० च्या दशकात पाण्यात मिसळणारं इमल्शन आलं ते भिंतींच्या रंगासाठी. आणि १९५५ मध्ये हेन्री लेव्हिसनने अमेरिकेत लिक्विटेक्स काढलं, चित्रकारांसाठी. म्हणजे चित्रकार या कोडचे मूळ युजर नव्हतेच :-)

वाचता वाचता नागपूर सापडलं. सय्यद हैदर रझा १९४३ ला मुंबईत जे. जे. ला जाण्याआधी नागपूरच्या कला शाळेत शिकले, आणि नंतर तेलरंग सोडून अ‍ॅक्रिलिककडे वळले. २०१० मध्ये लंडनच्या लिलावात गाजलेलं त्यांचं 'सौराष्ट्र' (१९८३) अ‍ॅक्रिलिकच. आणि वासुदेव गायतोंडे तर जन्मलेच नागपुरात, १९२४ मध्ये! ते तेलरंगवाले, रोलर आणि पॅलेट नाइफने काम करणारे. मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता, समोर समुद्र. तिथे ते तासन् तास समुद्राकडे बघत बसायचे, असं त्यांना ओळखणारे सांगत. वर्षाला मोजकीच चित्रं. पण त्यात किनारा नाही, होडी नाही, पक्षी तर नाहीच. नुसतं पाण्यासारखं काहीतरी.

मला मात्र पक्षी हवा होता. आणि तिथेच घोळ झाला. रविवारी आजीला चित्र दाखवलं. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "समुद्र बरा हाये बाप्पा, पण हे पाखरू लंगडं हाये का रे?"

बरोबर होतं तिचं. फोटोत पाय अर्धे पाण्यात होते, तर पुढचे मी अंदाजाने काढले, माणसासारखा गुडघा पुढे वाकवून. पक्ष्याचा जो 'गुडघा' मागे वाकलेला दिसतो तो खरं तर घोटा असतो. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला.

ज्यांनी ही चूक केली नसती अशी माणसं आपल्याकडे होती. जहांगीरच्या दरबारातला उस्ताद मन्सूर. सायबेरियन क्रौंचाचं त्याच्या नावावरचं चित्र कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी त्या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं १७७३ मध्ये, म्हणजे चित्रानंतर साधारण दीडशे वर्षांनी! हा क्रौंच हिवाळ्यात भरतपूरला यायचा. २००२ नंतर तिथे दिसलेला नाही. चित्र आहे, पाहुणा नाही.

आणि दुसरे आपले तंजावरचे सरफोजीराजे भोसले (राज्यकाल १७९८ ते १८३२). या मराठी राजाने स्थानिक चितार्‍यांकडून पशुपक्ष्यांची चित्रं काढून घेतली. त्यातला एक संच ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिनमार्फत लंडनला गेला, आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. राजाचं नाव आहे, रेसिडेंटचं आहे. चितार्‍यांचं नाही. मला हे फार खटकलं. मन्सूरला बादशहाने 'नादिर-उल-अस्र' असा किताब दिला, आणि ज्यांनी जिवंत पक्षी समोर ठेवून नखं न् नखं मोजली त्यांचं साधं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही?

तेव्हा लक्षात आलं, आमच्या घरापासून चालत जाता येईल अशी 'चितार ओळ' आहे. नागपूरकर भोसल्यांच्या गावातली चितार्‍यांची गल्ली, आता गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध. लहानपणापासून दर गणपतीला तिथे जातोय. तिथल्या एकाही जुन्या चितार्‍याचं नाव मला सांगता येणार नाही. असो.

अ‍ॅक्रिलिकचा एक फायदा. चुकलेल्यावर पांढरा थर मारला की झालं. पाय पुसलेत, पक्ष्याच्या जागी एक पांढरा ठिपका आहे. फोटो डिलीट केला. थंडीत अंबाझरीच्या काठाला शेकाटे येतात, तेव्हा दुर्बीण आणि वही घेऊन जायचं ठरवलंय.

तोवर चित्र आजीच्या खोलीत तसंच टांगलंय. येणार्‍या-जाणार्‍याला ती सांगते, "पाखरू चरायले गेलं हाये, हिवाळ्यात येईन."