जुने मोटरहोम घेताना : दोघांच्या चाकांवरच्या घराची पारख

ब्रिटनमध्ये नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या अनेक मराठी दांपत्यांना निवृत्तीनंतर मोटरहोमचे वेध लागतात. मुले मार्गी लागलेली असतात, घराचे हप्ते फिटलेले असतात आणि स्कॉटलंडच्या सरोवरांपासून स्पेनच्या किनाऱ्यापर्यंत सवडीने हिंडण्याची हौस बाकी असते. नव्या मोटरहोमची किंमत पाहून मात्र बहुतेकांची पावले जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळतात. तेथे निवड भरपूर आहे, आणि फसगतीची शक्यताही तितकीच आहे. पेन्शनच्या पुंजीतून घेतलेली गाडी पहिल्याच हिवाळ्यात आतून कुजलेली निघाली, तर ते नुकसान भरून काढायला पुढे नोकरीची वर्षे उरलेली नसतात.

मोटरहोम म्हणजे एकाच व्यवहारात घेतलेल्या दोन वस्तू होत. एक वाहन आणि दुसरे घर. जुनी मोटार घेण्याचा अनुभव असलेला माणूस सवयीने बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि समाधानाने मान डोलावतो. प्रत्यक्षात इंजिन, क्लच, ब्रेक यांची दुरुस्ती कोणत्याही चांगल्या गॅरेजमध्ये होते व तिचा खर्च आधी सांगता येतो. भिंतीत मुरलेल्या पाण्याचे तसे नाही. म्हणून जुन्या मोटरहोमची तपासणी भिंतीपासून सुरू करावी आणि इंजिनापाशी संपवावी.

आधी मांडणी ठरवा

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आढळतात. मूळ मालवाहू व्हॅनच्या पत्र्यातच घर बसविलेली ‘पॅनेल व्हॅन’, व्हॅनच्या चॅसीवर स्वतंत्र खोली उभारलेली ‘कोचबिल्ट’ आणि चालकाच्या केबिनसह संपूर्ण बांधणी मोटरहोम कंपनीने केलेली ‘ए-क्लास’. दोघांसाठी सुमारे सहा मीटरची पॅनेल व्हॅन चालवायला आणि उभी करायला सोपी पडते. पत्र्याची अखंड काया असल्याने तिला सांधे कमी, त्यामुळे गळतीचा धोकाही कमी. मात्र आतली जागा अरुंद असते. साधारण सात मीटरच्या कोचबिल्टमध्ये ऐसपैस न्हाणीघर व कायमची खाट मिळते, पण सांध्यांची संख्या वाढते.

सर्वाधिक पश्चात्ताप होतो तो खाटेच्या निवडीबद्दल. कोपऱ्यात बसविलेल्या ‘फ्रेंच’ खाटेवर आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठताना जोडीदाराला ओलांडून यावे लागते. मधोमध असलेल्या ‘आयलंड’ खाटेला दोन्ही बाजूंनी वाट असते, पण ती लांबी खाते. मागच्या बैठकीचीच रात्री खाट करण्याची मांडणी दिवसा प्रशस्त वाटते. परंतु रोज गाद्या जुळवण्याचे काम साठीनंतर जड जाते. गाडी पाहायला गेल्यावर दोघांनीही त्या खाटेवर दहा मिनिटे आडवे व्हावे, शॉवरमध्ये उभे राहून पाहावे आणि ओट्यापाशी पोळी लाटण्यापुरती जागा आहे का, याचाही अंदाज घ्यावा. छतावरील झडप किंवा पंखा ओट्याजवळ असेल तर फोडणीची वाफ आत कोंडत नाही.

युरोप खंडात वापरासाठी बांधलेल्या गाड्यांचे घराचे दार उजवीकडे असते. ब्रिटनच्या रस्त्यावर ते वाहतुकीच्या बाजूला उघडते. तसेच दोन खाटांच्या गाडीत पट्ट्याची आसने अनेकदा दोनच असतात. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या आई-वडिलांना किंवा भावंडांना बरोबर नेण्याचा विचार असेल, तर खाटांपेक्षा आसनांचे पट्टे आधी मोजावेत.

वजन आणि परवाना

ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना ७,५०० किलोपर्यंतचे वाहन चालविण्याची ‘सी-१’ मुभा मिळालेली आहे. त्या तारखेनंतरच्या साध्या परवान्यावर डिझेल मोटरहोमसाठी मर्यादा ३,५०० किलोची आहे. भारतीय परवाना तेथे रहिवासी झाल्यावर केवळ बारा महिने चालतो, त्यानंतर ब्रिटिश परीक्षा द्यावीच लागते. त्यामुळे अलीकडच्या दशकांत गेलेल्या बहुतेक मराठी मंडळींना दुसरी मर्यादा लागू पडते. जुन्या परवानाधारकांनाही वयाच्या सत्तराव्या वर्षी ‘सी-१’ टिकविण्यासाठी वैद्यकीय अहवाल द्यावा लागतो. पती-पत्नींपैकी एकाच्याच परवान्यावर चालणारी गाडी घेतली, तर तो आजारी पडल्यावर प्रवास तेथेच थांबतो, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरा प्रश्न सामानाचा. समजा, गाडीचे कमाल वजन ३,५०० किलो आणि प्रवासास सज्ज स्थितीतील वजन ३,१०० किलो आहे. म्हणजे ४०० किलो शिल्लक. सज्ज वजनात चालकाचे ७५ किलो धरलेले असतात, जोडीदाराचे नसतात. काही कंपन्या टाकीत फक्त २० लिटर पाणी धरतात. आता जोडीदार ७०, शंभर लिटरची टाकी भरल्यास वाढलेले पाणी ८०, बाहेरची छत्री अर्थात ऑनिंग ३०, सौर पॅनेल व जादा बॅटरी ३५, दोन सायकली स्टँडसह ४५, कपडे-अंथरुणे ६०, भांडी व शिधा ४०, खुर्च्या-टेबल २० अशी बेरीज केल्यास ३८० किलो होतात. दोनच माणसांत अवघे २० किलो उरले. सोळा-सतरा वर्षांच्या गाडीत आधीच्या मालकांनी काय काय बसवले, हे माहितीपत्रकात लिहिलेले नसते. त्यामुळे सौदा पक्का करण्यापूर्वी गाडी वजनकाट्यावर नेऊन दोन्ही आसांवरील भार स्वतंत्रपणे मोजून घेणे उत्तम.

कागदपत्रे काय सांगतात?

‘व्ही-५-सी’ हे नोंदणीपत्र आपल्याकडील आरसी बुकासारखे दिसते, पण त्यावर नोंदणीकृत वापरकर्त्याचे नाव असते. ते मालकीचा पुरावा नव्हे. त्यावरील चॅसी क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. गाडीवर कर्ज बाकी आहे का, ती चोरीची आहे का, अपघातानंतर विमा कंपनीने तिला ‘एस’ किंवा ‘एन’ वर्गात टाकले होते का, हे थोडे शुल्क भरून कळते. हा खर्च वाचवू नये.

वाहनाच्या वार्षिक ‘एमओटी’ तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून विनामूल्य पाहता येतो. दरवर्षीचे मैल, नापास होण्याची कारणे, गंजाबद्दलचे शेरे त्यात सापडतात. मात्र ‘एमओटी’ ही रस्त्यावर धावण्याच्या योग्यतेची परीक्षा आहे. भिंतीतील ओल, गॅसची उपकरणे, पाण्याची व्यवस्था यांबद्दल ती काहीही सांगत नाही. ‘वर्षाची एमओटी आहे’ या विक्रेत्याच्या वाक्याने घराच्या बाजूबद्दल निश्चिंत होण्याचे कारण नाही.

लंडनकरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २९ ऑगस्ट २०२३ पासून ‘यूलेझ’ क्षेत्र लंडनच्या सर्व बरोंना लागू झाले आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या डिझेल मोटरहोमला तेथे ‘युरो ६’ निकष पाळावा लागतो. तो न पाळणारी गाडी दारात उभी असेपर्यंत शुल्क नाही, पण ती ज्या दिवशी चालविली जाईल त्या दिवसाचे शुल्क लागते. साधारणपणे २०१६ पूर्वीची डिझेल गाडी घेताना तिचा क्रमांक आधी तपासून घ्यावा.

खरा शत्रू : ओल

कोचबिल्ट गाडीची भिंत बहुधा थरांची असते. बाहेर ॲल्युमिनियम किंवा फायबर, मध्ये उष्णतारोधक फोम व लाकडी चौकट, आत पातळ प्लायवूड. सांधे बुजविणारे सीलंट काही वर्षांनी वाळते, भेगाळते. छतावरील खिडक्या, भिंतींचे कोपरे, ऑनिंगची पट्टी, मागचे दिवे, सायकल स्टँडचे स्क्रू यांच्याभोवतीच्या बारीक फटीतून पाणी शिरते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने लाकूड कुजवीत राहते. आतल्या कागदावर डाग उमटेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. मग भिंत उकलून चौकट बदलावी लागते आणि हा खर्च हजारो पौंडांत जातो.

मुंबईत घर घेणारा जाणकार पावसाळ्यात भिंती पाहतो. तोच नियम येथे लावावा. शक्यतो पावसानंतर गाडी पाहावी. दार उघडताच पहिला श्वास घ्यावा. कुबट वास किंवा त्याला झाकणारा सुगंधी फवारा, दोन्ही संशयास्पद. खाटेखालची कपाटे रिकामी करून मागचे कोपरे बोटाने दाबावेत. भिंत मऊ लागली, कागदाला सुरकुत्या दिसल्या, काळे ठिपके आढळले, तर पुढे बोलणी करण्याआधी तज्ज्ञ बोलवावा. जमिनीवर सर्वत्र चालून पाहावे. पाय दबला किंवा कुरकुर ऐकू आली, तर थर सुटले असावेत. शिडी लावून छप्पर पाहावे. एकाच जागी ताजे सीलंट फासलेले असेल, तर तेथे काय झाले होते, हे विचारावे.

ओल मोजण्याचे छोटे यंत्र जवळ असावे. सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांपर्यंतचे माप समाधानकारक, १५ ते २० मध्ये लक्ष ठेवावे, २० च्या पुढे कारण शोधावे आणि ३० च्या पुढे बांधणीलाच इजा झाली असण्याचा संभव मानला जातो. एका आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. इतरत्र १२ आणि एकाच कोपऱ्यात २६ असेल, तर पाणी तेथूनच येते आहे.

गॅस, वीज, पाणी

गॅसच्या खणाच्या तळाशी हवा जाण्याची भोके उघडी असली पाहिजेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खाली साचतो. ही भोके थंडी नको म्हणून बुजविलेली असतील, तर आधीच्या मालकाची समज लक्षात येते. रबरी नळीवरील व रेग्युलेटरवरील तारीख वाचावी. शेगडी, हीटर आणि बॉयलर प्रत्येकी पेटवून पाहावेत. ज्योत पिवळी व काजळी धरणारी नको, निळी हवी. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र नसेल किंवा मुदतबाह्य असेल, तर पहिल्या रात्रीपूर्वी नवे बसवावे. या वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

मोटरहोममधील फ्रिज गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा असू शकतो. तो थंड व्हायला काही तास घेतो. म्हणून आदल्या दिवशीच फोन करून तो सुरू ठेवण्याची विनंती करावी आणि शक्य तर प्रत्येक प्रकारे चालवून पाहावा. घरातील उपकरणांची बॅटरी पूर्ण भरून विसावल्यावर साधारण १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्मी रिती झाली. पाण्याची टाकी भरायला लावावी. हिवाळ्यात पाणी न काढता ठेवलेल्या गाडीत ते गोठून बॉयलर, नळ व जोड फुटतात, आणि हा दोष टाकी कोरडी असेपर्यंत दिसत नाही. शॉवरच्या तळाला तडे नाहीत ना आणि शौचालयाच्या डब्याची रबरी कड शाबूत आहे ना, हेही पाहावे.

शेवटी वाहन

‘दहा वर्षांत फक्त वीस हजार मैल’ ही जाहिरात ऐकून हुरळून जाऊ नये. उभ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असतानाच म्हातारे होतात. टायरवरील चार आकड्यांतून वय कळते; २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर काळजीने तपासणी आणि सात वर्षांनंतर बदल, असा संकेत या क्षेत्रात रूढ आहे. स्टेपनीलाही तो लागू करावा. टायमिंग बेल्ट ठराविक मैल किंवा ठराविक वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलावा लागतो. कमी चाललेल्या गाडीत वर्षांचा हिशेब विसरला जातो.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे, तशी सूचना विक्रेत्याला आधीच द्यावी. ब्रिटनमधील अनेक मोटरहोमचा पाया फियाट ड्युकाटोचा असतो. २००६ मध्ये आलेल्या तिच्या पिढीतील सुरुवातीच्या काही गाड्यांत चढावर रिव्हर्स घेताना जोराची थरथर होत असे, तसेच काचेखालून इंजिनावर पाणी ठिबकत असे. त्या सुमाराची गाडी असल्यास चढावर रिव्हर्स घेऊन पाहणे आणि इंजेक्टरजवळचा गंज शोधणे आवश्यक आहे.

सौदा कोणाशी?

व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतल्यास २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचे संरक्षण मिळते. विक्रीच्या वेळी गंभीर दोष होता असे दिसल्यास पहिल्या तीस दिवसांत गाडी परत करण्याचा अधिकार आहे. खासगी विक्रेत्याकडे किंमत कमी पडते, पण तेथे डोळे उघडे ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाची. दोन्ही बाबतीत मान्यताप्राप्त कार्यशाळेतील तंत्रज्ञाकडून घराच्या भागाची तपासणी करवून घ्यावी. मोटरहोम क्लब व उद्योगसंघटना यांच्या पाठिंब्याने चालणाऱ्या ‘अप्रूव्हड वर्कशॉप स्कीम’मध्ये असे तंत्रज्ञ मिळतात. अहवालात प्रत्येक भिंतीचे ओलीचे माप लिहिलेले असावे. इसारा देताना ‘तपासणी समाधानकारक झाल्यास’ ही अट पावतीवर लिहून घ्यावी.

तपासणीला आडकाठी करणारा, अहवाल दाखवायला कां-कूं करणारा किंवा ‘आज संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ म्हणून घाई करणारा विक्रेता भेटला, तर नमस्कार करून परतावे. ब्रिटनच्या बाजारात दोघांपुरती जुनी मोटरहोम्स वर्षभर विक्रीस येत असतात. एक हातची गेली तर दुसरी मिळते. कुजलेल्या भिंतीची गाडी मात्र एकदा गळ्यात पडली की सहजासहजी सुटत नाही.